मला ओळखणारी दोन माणसं

सिस्टर,

हे अक्षर माझं नाही. तुम्ही असतात तर हे सांगायची वेळच आली नसती. कागद हातात घेतल्या घेतल्या तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं असतंत आणि मी आपोआप उभी राहिले असते. अक्षर माझ्या मैत्रिणीचं आहे. पाटबंधारे खात्याच्या नाशिकच्या कचेरीत मी साहेबांची स्टेनो होते आणि ही आस्थापना शाखेत, म्हणजे सगळ्यांच्या रजा, बढत्या आणि भांडणं हिच्या कपाटात. ही सिन्नरची, तिथल्या मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी सांगायला लागलीस तर मी उठून जाईन, असं तिने बसतानाच बजावलं आहे. म्हणून तुम्हाला मराठीत. तुमच्या वर्गात तोंडातून मराठी शब्द गेला की दंड पडायचा, तो या वेळी माफ करा. नोकरीभर मी साहेबलोकांचं बोलणं एक शब्द न उच्चारता उतरवून घेतलं. हिला मात्र माझ्या प्रत्येक वाक्यावर मत आहे. "मत नाय, घाई आहे," ती म्हणते. "दूध गॅसवर ठेवून आलीये मी. पुढे बोल."

आम्ही नववीत होतो तेव्हाची गोष्ट. एका दुपारी तुम्ही सगळ्यांच्या वह्या बंद करायला लावल्यात आणि प्रत्येकीसमोर एक कोरा कागद ठेवलात. आज प्रत्येकीने आपली सही ठरवायची, म्हणालात. सही म्हणजे नाव लिहिणं नव्हे. सही म्हणजे तुम्ही खोलीत नसताना तुमच्या जागी उभी राहणारी बाई, ती वाकलेली असता कामा नये. मी माझ्या पहिल्या अक्षराला एवढा मोठा गोल दिला की तुम्ही हसू दाबलंत. "ही बाई खोलीत मावणार नाही," असं तुम्ही इंग्रजीत म्हणालात, पण तो गोल कमी करायला लावला नाहीत. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आडनाव बदललं नाही आणि सहीही बदलली नाही. हजेरीपट, पगारपत्रक, रजेचे अर्ज, निवृत्तीच्या दिवशीचे सगळे कागद, सगळीकडे तोच गोल. आमचे एक साहेब म्हणायचे, बाई, तुमची सही माझ्या सहीपेक्षा साहेबाची वाटते. मी म्हणायचे, ती शिकवणारी तुमच्या साहेबांपेक्षा कडक होती.

आणि ते स्वयंपाकघर. उलट उत्तर दिलं म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर काढलंत आणि मागच्या कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात नेलंत. तिथे पेरूची जेली शिजते आहे, खिडकीतून ऊन येतं आहे, ओट्यावर गरम बरण्या पालथ्या घातल्या आहेत, आणि मला वाटतं आहे की आता भांडी घासावी लागणार. तुम्ही मला चिठ्ठ्या लिहायला बसवता. प्रत्येक बरणीवर एक, सगळी अक्षरं एका बाजूला सारखी कललेली. एक चिठ्ठी बिघडली की तुम्ही ती फाडता, ओरडत नाही. नुसतं म्हणता, "तुझी जीभ तुझ्या हातासारखी शिस्तीत असती तर." जाताना एक बरणी माझ्या दप्तरात घातलीत. घरी आईने विचारलं, बक्षीस कशाचं? मी सांगितलं, चांगल्या अक्षराचं. उलट उत्तराचं सांगितलं नाही.

हात शिस्तीत राहिला, सिस्टर. जीभ नाही. आता हातही गेला. ते सांगायलाच हे पत्र.

तुम्हा लोकांना पेन्शन नव्हती, म्हणून सांगते. सरकारची पेन्शन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. हयातीचा दाखला म्हणतात त्याला. बाकी वर्षभर तुम्ही जिवंत असलात काय, नसलात काय, कुणी विचारत नाही. पण नोव्हेंबरात सगळ्या शहरातले म्हातारे मफलर गुंडाळून, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत रांगेत उभे राहतात आणि अधिकाऱ्यासमोर सही करतात. निवृत्त झाल्यापासून मी दरवर्षी जात होते. पहिल्या काही वर्षांत मला त्याची गंमतच वाटायची. मी इस्त्रीची साडी नेसून जायचे आणि तो गोल मुद्दाम जरा मोठा काढायचे.

गेल्या नोव्हेंबरात तो गोल निघाला नाही. त्याआधी काही महिने पेन हातात धरला की आतून कुणीतरी बारीक हलवतंय असं व्हायचं, पण मी ते थंडीवर ढकललं होतं, मग चहावर, मग नव्या पेनवर. बँकेतल्या अधिकारी बाईंनी माझी सही पाहिली, मग संगणकातली जुनी सही पाहिली, मग पुन्हा माझी.

"मॅडम, सही जुळत नाहीये."

"मी जुळते ना?"

"तुम्ही जुळता हो, पण सही..."

"मग सही वारली असेल. मी इथे उभी आहे."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आणखी एक कागद दिला, परत करून बघा म्हणाल्या. दुसरी सही पहिलीहून लहान आली. तिसरी त्याहून लहान. एखादी बाई भिंतीला टेकत टेकत मागे सरकते ना, तशी. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या की अंगठा दिलात तरी चालेल, पुष्कळजण देतात, पण त्यासाठी आमच्या शाखेच्या पद्धतीप्रमाणे याच शाखेत खातं असलेली, तुम्हाला ओळखणारी दोन माणसं आणावी लागतील. आणि मागून एका गृहस्थांनी अगदी प्रेमाने सल्ला दिला, "आजी, देऊन टाका ना अंगठा, त्यात काय एवढं!" सिस्टर, मंत्रालयात गेलेली कितीतरी पत्रं या हाताने लिहिली आहेत. मी त्या गृहस्थांना काय म्हणाले ते ही मैत्रीण लिहायला तयार नाही. मी पेन टोपणात घातला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात घातला, आणि बाहेर पडले.

डिसेंबरात पेन्शन आली नाही. जानेवारीतही नाही. नियमच आहे तसा: तुम्ही जिवंत असल्याचं सांगितलं नाहीत की सरकार तुम्हाला गेलेले धरतं. मी कुणाला काही बोलले नाही. साठवलेलं होतं त्यावर दूधवाला, वीजबिल, औषधं चालली होती, पण मी पासबुक भरायला दिलं आणि मशीनमधून कोरं पान परत आलं की ते पासबुक पर्समध्ये अगदी तळाशी घालायचे. मला श्रीमंतीची सवय कधीच नव्हती. मला सवय होती ती एकाच गोष्टीची. गंगापूर रोडवरच्या या दोन खोल्यांची किल्ली माझ्या पर्समध्ये असण्याची. सकाळी उठून चहात किती साखर घालायची हे कुणाला न विचारण्याची. पेन्शन म्हणजे माझ्यासाठी तेवढंच होतं, आणि तेवढं म्हणजे सगळंच.

रोज सकाळी मी सराव करायचे. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागे, तुम्ही शिकवलेले ते एकात एक अडकलेले गोल, ओळीच्या ओळी. पहिले दोन बरे यायचे. मग ते बारीक होत होत मुंगीएवढे व्हायचे. मी हातावर ओरडायचे. खरंच मोठ्याने ओरडायचे, कारण घरात दुसरं कुणी नाही. आणि मग भीती वाटायची की आज हात, उद्या चमचा, परवा काय? जीभही अशीच बारीक होत जाईल का? हसू नका. ही लिहिणारीण हसते आहे, तिला म्हटलं, हसायचं तर खाली लिही की हसलीस.

याच दिवसांत नांदगावहून धाकट्या भावाचा फोन यायचा. चांगला आहे तो. एकदा माझ्या तोंडून निसटलं की पेन्शन अडकली आहे. लगेच म्हणाला, "ताई, तू कशाला त्रास करून घेतेस? इकडे ये. मुखत्यारपत्र करू, सही-बिही, बँक-बिंक सगळं मी बघतो. आमच्या हिने मागची खोली झाडून ठेवलीये तुझ्यासाठी. खाटसुद्धा टाकलीये." त्यात एक शब्द वावगा नव्हता. पण ती खाट माझ्या डोक्यातून जाईना. ती खाट कधी टाकली असेल? फोनच्या आधी, की कित्येक महिने आधी? मी म्हटलं, विचार करते. तो म्हणाला, विचार काय करायचा, तुझं वय झालं आता. मी त्याला पाढे शिकवले आहेत, सिस्टर. शेजाऱ्यांच्या कैऱ्या पाडल्या म्हणून त्याचा कान धरलेला आहे.

संक्रांतीला ही आली. दरवर्षी येते, तिळाच्या वड्या घेऊन, आणि दरवर्षी वडी माझ्या हातावर ठेवताना तेच म्हणते, "तुला एवढी वर्षं तीळगूळ देतेय, पण गुण काही येत नाही." मी चहा केला. कप बशीत वाजायला लागला. मी तो दोन्ही हातांनी धरला तर जास्तच वाजला आणि अर्धा चहा हिच्या नव्या साडीवर. मी म्हटलं, कप निसरडा आहे. हिने साडी झटकली नाही. नुसतं म्हणाली, "हात पुढे कर." मी केला नाही. "अगं कर पुढे, मी काय पट्टी मारणार आहे?" मी केला. आम्ही दोघी त्या हाताकडे बघत बसलो. तो आमच्या देखत हलत होता, जसा काही दुसऱ्या कुणाचा आहे.

मग सगळं बाहेर आलं. नोव्हेंबर, कोरं पासबुक, नांदगावची खाट. हिने ऐकून घेतलं आणि मग सिन्नरच्या बोलीवर आली. "दोन महिने! दोन महिने तू उपाशी राहिली असतीस पण फोन नसता केलास. लय झालं तुझं हे. कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवतात का गं, मरायचं पण इस्त्रीच्या साडीत?" मी म्हटलं, मी उपाशी नव्हते. ती म्हणाली, गप्प बस, आणि माझ्या स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघायला लागली.

दुसऱ्याच दिवशी ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्या डॉक्टरांनी काय करायला लावलं असेल? कागदावर मधून सुरू करून बाहेर बाहेर जाणारी जिलेबी काढायला. मी म्हटलं, हे मी पहिलीत शिकले आहे. ते म्हणाले, काढा तर. काढली. त्यांनी ती जिलेबी बराच वेळ पाहिली, मला चालायला लावलं, मनगट वाकवून पाहिलं, आणि विचारलं, "अक्षर लहान होत चाललंय का?" त्यांनी मी न सांगता ते ओळखलं, याने मी जास्त घाबरले. आजाराला नाव आहे. गोळ्या आहेत. बरं होईल असं ते म्हणाले नाहीत. बरं चालेल असं म्हणाले. आणि सही पूर्वीसारखी येईल का असं मी विचारलं, तर ते चष्मा पुसायला लागले.

तेव्हा अंगठाच. मी मनाशी ते कबूल करायला आणखी दोन दिवस घेतले. पण मग प्रश्न आला दोन माणसांचा. एक ही, हिचं खातं त्याच शाखेत. दुसरं कोण? आम्ही दोघी बसलो आणि नावं आठवत गेलो. एक वारला. एक मुलाकडे बडोद्याला. एकीशी मी तिच्या सुनेवरून भांडले होते. एकीला मी तोंडावर सांगितलं होतं की तुझ्या गुडघ्यांखेरीज दुसरा विषय असेल तेव्हा फोन कर, आणि तिने तो केला नाही. आख्ख्या नाशिकमध्ये, जिथे मी जन्मले, शिकले, नोकरी केली, तिथे मी मीच आहे हे सांगायला मला दुसरं माणूस मिळेना. सिस्टर, तो विचार कापऱ्या हातापेक्षा वाईट होता.

"एक आहे," ही म्हणाली. "पण तू येणार नाहीस."

तो एक म्हणजे आमच्या खात्यातले जुने लेखापाल, निवृत्तांच्या मंडळाचे चिटणीस; त्यांचं बँकेतलं खातंही त्याच शाखेत. हे मंडळ महिन्यातून एकदा जमतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलेल्या सभासदांचा सत्कार ठेवला होता, शाल, नारळ, हार. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हटलं, जिवंत राहिल्याबद्दल नारळ देणं ही फार स्वस्त परंपरा आहे. माणसाने जगून काय केलं ते विचारा आणि मग नारळ द्या, नाहीतर कासवालाही द्यावा लागेल. पुढच्या सभासदांनी मान खाली घालून नारळ घेतले. मी त्यानंतर मंडळात गेले नाही. माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण चिटणिसांनी तो कार्यक्रम कितीतरी दिवस खपून केला होता, असं ही म्हणते. हे वाक्य तिने तिच्या मनाने लिहिलं आहे, राहू दे.

ते पंचवटीत राहतात. आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर बसून सुनेसाठी मेथी निवडत होते. मला पाहिलं आणि काडी हातात तशीच राहिली.

"या बाई, या. आज कुणाचा सत्कार उधळायला?"

"एका सहीचं काम होतं."

मैत्रिणीने मग सगळं सांगितलं. त्यांनी मेथीची पानं एकीकडे, काड्या एकीकडे केल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे आमची माणसं जिवंत आहेत म्हणून आम्ही नारळ द्यायचा नाही, पण तुम्ही जिवंत आहात असं आम्ही बँकेत जाऊन सांगायचं?"

"नारळ तुम्ही दिलेतच की. मी फक्त माझं मत सांगितलं."

"माइकवरून!"

"माइक तुम्हीच हातात दिला होतात."

हिने कपाळाला हात लावला. ते परत मेथी निवडायला लागले. मला वाटलं, संपलं. आता नांदगाव, ती खाट, मागची खोली. मी उठायला ओट्याच्या कडेवर हात टेकला आणि तो हात त्यांच्या परातीला लागून परात टणटणायला लागली. त्यांनी परातीकडे पाहिलं, मग हाताकडे. आत डोकावून सुनेला म्हणाले, "माझा कोट काढून ठेव उद्यासाठी. बँकेत जायचंय. कासवाला नारळ द्यायला."

बँकेत त्या अधिकारी बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?" ते म्हणाले, "ओळखतो म्हणजे? या बाईंनी आमचा आख्खा कार्यक्रम बुडवला. दुसरी कुणी असती तर एव्हाना विसरलो असतो." त्या बाई हसल्या. मला हसू आलं नाही. समोर शाईचा डबा होता आणि माझा हात तिथपर्यंत जाईना. पहिला ठसा फरफटला. त्या बाईंनी माझा अंगठा धरून हलकेच फिरवला, हात ढिला सोडा म्हणाल्या, आणि दुसरा नीट उमटला. तुम्ही सांगितलं होतंत की सही वाकलेली नको. हा ठसा वाकलेला नव्हता, सरळही नव्हता. तो माझ्यासारखा दिसतच नव्हता. पण खाली दोन माणसांनी लिहून दिलं की ती हीच.

अडकलेली पेन्शन पुढच्या महिन्यात जमा झाली. भावाला फोन करून सांगितलं. तो "बरं झालं" म्हणाला आणि वर, खाट राहू देतो. मी म्हटलं, तिच्यावर पापड वाळत घाल.

आता इथे पत्र संपवायला हवं होतं, पण एक राहिलं. त्या दिवशी बँकेतून बाहेर आल्यावर चिटणीस पायरीवर बसले. त्यांना दम लागला होता. त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालेलं आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी त्यांच्याजवळ उभी राहिले आणि आयुष्यात कुणाला विचारलं नसेल अशा आवाजात विचारलं, "पुढच्या नोव्हेंबरात याल ना?" ते म्हणाले, "असलो तर येईन. नसलो तर दुसरा शत्रू शोधा."

तेव्हापासून माझं लक्ष लागत नाही. नोव्हेंबर लांब आहे. हिची साखर वाढलेली असते आणि ही लपवून पेढे खाते. त्यांचं ते हृदय. माझं जिवंत असणं आता या दोन माणसांच्या जिवंत असण्याला बांधलेलं आहे, आणि दोघंही बेभरवशाचे. म्हणून मी रोज सकाळी त्यांना फोन करते. ते उचलतात, "आहे हो, आहे," म्हणतात आणि ठेवतात. एक दिवस फोन वाजत राहिला. मी तीनदा केला, नंबर चुकीचा लागला, बोट घसरलं, परत केला. मग रिक्षा करून पंचवटीत जायला निघाले, चपला घातल्या, तर त्यांचाच फोन. भाजी आणायला गेले होते. मी त्यांना इतकं बोलले की ते म्हणाले, बाई, आता खात्री पटली तुमच्या हयातीची, दाखला नको.

ही विचारते आहे, पाकिटावर पत्ता काय घालू. काही घालू नकोस, म्हटलं. घडी करून कपाटात ठेव.

हा रोजचा फोन मी पेन्शनसाठी करते, असं मी हिला सांगितलं आहे, त्यांनाही सांगितलं आहे. सिस्टर, तुमच्यापाशी खोटं बोलायची सवय नाही मला. पेन्शनसाठी नाही करत.